मासे मेले, पण सगळे नमुने निकषांत. मग चुकलं कुठे?

नदीच्या बातम्यांचा एक ठरलेला क्रम असतो. उन्हाळ्यातल्या एका सकाळी पात्रात मेलेल्या माशांचा खच दिसतो. दुपारपर्यंत व्हिडिओ फिरतात, संध्याकाळी पाण्याचे नमुने घेतले जातात. आठवडाभराने खुलासा येतो: कारखान्यांनी सोडलेलं पाणी निकषांत आहे, शहराचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र सुरू आहे, त्याचंही पाणी निकषांत आहे. वाचणारा बुचकळ्यात पडतो. सगळ्यांचं सगळं ठीक होतं, तर मासे कशाने मेले? कुणीतरी धडधडीत खोटं बोलतंय, असं त्याला वाटतं.

कधी कधी तसं असतंही. पण कित्येकदा प्रत्येक कागद खरा असतो आणि तरीही नदी मेलेली असते. मला ही दुसरी शक्यता जास्त गंभीर वाटते. चोरी असेल तर चोर पकडता येतो, पण इथे नियमाची मांडणीच अपुरी असते. नियम प्रत्येक नळीच्या तोंडाशी उभा राहून विचारतो, ‘तुझं पाणी किती घाण?’ नदीला किती सोसवेल, हे विचारायचं राहून जातं. हे दोन प्रश्न वेगळे का आहेत, हे एकदा लक्षात आलं की नदीप्रदूषणाची बातमी वेगळ्या नजरेने वाचता येते.

आढ्याच्या या बाजूचं पाणी

उतरत्या छपराचं घर डोळ्यांसमोर आणा. मधोमध उंच आढं. आढ्याच्या एका बाजूला पडलेला पावसाचा थेंब पुढच्या अंगणात येतो, बोटभर पलीकडे पडलेला मागच्या परसात जातो. डोंगररांगा, टेकड्या, साधे चढउतार हे जमिनीचं आढं. ज्या जमिनीवर पडलेलं पाणी शेवटी एका नदीत येतं, ती सगळी जमीन म्हणजे त्या नदीचं पाणलोट क्षेत्र. हा शब्द बहुतेकांना पाणी अडवण्याच्या कामांमुळे माहीत असतो; पाण्याच्या स्वच्छतेशी त्याचं नातं तितकंच जवळचं आहे.

कारण छपरावर जे सांडलं असेल, ते पन्हाळीतून खाली येणारच. पात्रापासून ५० किलोमीटर दूरच्या शेतातलं खत, रस्त्यावर सांडलेलं तेल, गोठ्यातलं शेण, बांधकामाची उघडी माती, गळका सेप्टिक टँक, यातलं कुणीच नदीकाठी राहत नाही. तरी सगळे नदीत पोचतात. नदीचं पात्र फक्त काठापासून काठापर्यंत बघणं म्हणजे पन्हाळीच्या तोंडाशी बादली लावून छपराचा विचारच न करणं.

नदीचा श्वास

मासे गुदमरून कसे मरतात, ते आधी बघू. लिटरभर हवेत जितका ऑक्सिजन असतो, त्याच्या साधारण तिसावा हिस्साच लिटरभर पाण्यात मावतो. २० अंश सेल्सिअसला स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. पाणी तापलं की ही पुंजी आणखी आटते. बहुतेक माशांना ५ मिलिग्रॅमच्या आसपास लागतो. २ च्या खाली गेलं की जो पळू शकतो तो पळतो, बाकीचे मरतात.

हा ऑक्सिजन खातं कोण? सांडपाणी स्वतः खात नाही. सांडपाण्यातले सेंद्रिय पदार्थ म्हणजे पाण्यातल्या जिवाणूंची मेजवानी. जेवायला मिळालं की जिवाणू वाढतात, श्वास घेतात आणि ऑक्सिजन फस्त करतात. पाण्यातली घाण मोजायची एक जुनी पद्धत याच भुकेवर बेतलेली आहे, तिला बीओडी म्हणतात. या लेखात तांत्रिक शब्द एवढाच सांभाळा.

प्रयोगशाळेतली ही चाचणी एकदा जवळून बघण्यासारखी आहे. साधारण ३०० मिलिलिटरची, घासून बसवलेल्या काचेच्या बुचाची बाटली. तीत पाणी काठोकाठ भरतात, बूच असं बसवतात की आत हवेचा एक बुडबुडाही राहू नये. सुरुवातीचा ऑक्सिजन मोजून बाटली अंधारात ठेवतात, कारण उजेड मिळाला तर शेवाळ ऑक्सिजन तयार करेल आणि हिशेब बिघडेल. जगात बऱ्याच ठिकाणी २० अंशांना ५ दिवस ठेवायची पद्धत आहे, भारतात २७ अंशांना ३ दिवस. मग उरलेला ऑक्सिजन मोजायचा. जितका कमी झाला, तितकी जिवाणूंची भूक. घराघरांतून येणाऱ्या कच्च्या सांडपाण्याची ही भूक लिटरमागे २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. पाण्यात जेमतेम ९ मिलिग्रॅम असताना! म्हणून कच्चं सांडपाणी बाटलीत तसंच भरून चालत नाही, ऑक्सिजन पहिल्याच दिवशी संपेल. भरपूर स्वच्छ पाणी मिसळून पातळ करूनच त्याची चाचणी होते.

नदी मात्र बंद बाटली नसते. वाहताना, खडकांवर आपटताना ती हवेतून ऑक्सिजन परत घेत राहते. एकीकडे खर्च, एकीकडे मिळकत. एच. डब्ल्यू. स्ट्रीटर आणि अर्ल फेल्प्स यांनी अमेरिकेतल्या ओहायो नदीवर काम करून १९२५ मध्ये या जमाखर्चाचं गणित मांडलं. त्यातून निघालेली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे: ऑक्सिजन सगळ्यात कमी होतो तो नाला मिळतो तिथे नव्हे, तर तिथून बरंच खाली, कधी काही तासांच्या तर कधी काही दिवसांच्या प्रवासानंतर. नाल्याच्या तोंडाशी मासे जिवंत आणि खालच्या गावाला मेलेले, असं दिसतं ते यामुळे. मासे मेले त्या गावात गुन्हेगार शोधायचा नसतो, प्रवाहाच्या उलट दिशेने मागे जायचं असतं.

आठ जणांची लिफ्ट

आता मूळ कोड्याकडे येऊ. लिफ्टमध्ये लिहिलेलं असतं, ‘८ व्यक्ती’. समजा, दारावरच्या माणसाला सूचना दिली की १०० किलोहून जड माणसाला आत सोडू नकोस. तो चोख काम करतो. ७० किलोचा आला, सोडला. ८० चा आला, सोडला. असे २० जण आत गेले. प्रत्येक जण नियमात आहे आणि लिफ्ट जागची हलत नाही.

सांडपाण्याचे बहुतेक निकष त्या दारावरच्या माणसासारखे असतात. ते लिटरमागे किती मिलिग्रॅम, एवढंच बघतात. एकूण किती लिटर आले, नळ्या किती आहेत आणि नदीत त्या दिवशी पाणी किती होतं, हे त्यांच्या कक्षेत येतच नाही.

आकडे घालून बघू. हिशेब फार सोपा आहे: लिटरमागे १ मिलिग्रॅम म्हणजे १० लाख लिटरमागे १ किलो. अशी एक नदी कल्पा, जिच्यातून उन्हाळ्यात दिवसाला ४० कोटी लिटर पाणी वाहतं आणि वरून येतानाच तिची बीओडी १ आहे, म्हणजे ४०० किलो. तिच्या काठी १० प्रक्रिया केंद्रं आहेत, प्रत्येक केंद्र दिवसाला १ कोटी लिटर पाणी सोडतं, सगळ्यांची बीओडी नियमाप्रमाणे ३०. प्रत्येकाचे ३०० किलो, दहांचे ३,०००. नदीचे ४०० धरून ३,४०० किलो, ५० कोटी लिटर पाण्यात. भागाकार केला की बीओडी येते ६.८. नदी अंघोळीच्या लायक राहायची असेल तर ३ च्या आत हवी. दहाही केंद्रं नियमात आहेत, दहाही अहवाल स्वच्छ आहेत आणि नदी दुपटीहून जास्त घाण आहे.

आता हीच नदी पावसाळ्यात बघा. प्रवाह वीसपट वाढला, ८०० कोटी लिटर झाला. वरच्या पाण्याची बीओडी तेवढीच धरली आणि दहा केंद्रं तेवढीच घाण सोडत राहिली, तर नदीची बीओडी दीडच्याही आत येते. म्हणजे तेच पाणी, तोच परवाना, ऑगस्टमध्ये चालतो आणि मे महिन्यात नदी मारतो.

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. ब्रिटनच्या सांडपाणीविषयक शाही आयोगाने १९१२ च्या अहवालात प्रसिद्ध निकष सुचवला: बीओडी २०, तरंगते कण ३०. पण त्याला एक अट जोडलेली होती. नदीत त्या सांडपाण्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी असेल तरच हा निकष लागू. त्यामागचं गणितही सरळ होतं. २ बीओडीचं आठ भाग नदीचं पाणी आणि २० बीओडीचं एक भाग सांडपाणी मिसळलं की बरोबर ४ येतात, आणि नदी खराब दिसू लागते ती त्याच्या पुढे, असं आयोगाने धरलं होतं. पुढे ‘२० आणि ३०’ हे आकडे जगभर फिरले, ठिकठिकाणच्या नियमांवर त्यांची छाप पडली. ‘आठपट पाणी असेल तर’ ही अट मात्र बऱ्याच ठिकाणी वाटेत गळून पडली. औषधाच्या चिठ्ठीतलं ‘जेवणानंतर’ पुसलं जावं, तसं.

हिशेब नदीपासून सुरू करायचा

यावरचा उपाय म्हणजे प्रश्न उलटा करणं. आधी ठरवायचं, नदी कशासाठी हवी? पिण्यासाठी, पोहण्यासाठी, माशांसाठी? त्यावरून पाणी किती स्वच्छ लागेल ते ठरतं. मग सगळ्यात वाईट काळ, म्हणजे बहुधा उन्हाळ्याचा कमी प्रवाह, धरून नदी एका दिवसात एकूण किती घाण पचवू शकेल ते काढायचं. आणि ती मर्यादा सगळ्यांत वाटून द्यायची.

आपल्या काल्पनिक नदीत हे करून बघा. ५० कोटी लिटरला ३ बीओडी म्हणजे जास्तीत जास्त १,५०० किलो. नदीचे स्वतःचे ४०० वजा केले की उरतात १,१००. दहा केंद्रांना समान वाटले तर प्रत्येकाला ११० किलो, म्हणजे बीओडी ३० नव्हे, ११. प्रत्यक्षात याहूनही कमी, कारण काही वाटा जमिनीवरून येणाऱ्या घाणीसाठी राखावा लागतो, काही उद्या वाढणाऱ्या वस्तीसाठी, आणि काही आपल्या अंदाजात चूक असेल तर तिच्यासाठी. शेवटचा वाटा राखायला लोक कुरकुरतात. मला तो सगळ्यात प्रामाणिक वाटतो. आपलं ज्ञान अपुरं आहे हे त्यात आकड्यात लिहून ठेवलेलं असतं.

अमेरिकेच्या १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यात ही तरतूद आहे. तिला टीएमडीएल म्हणतात. आपण ‘कमाल दैनिक भार’ म्हणू. गंमत नाही, पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की कायद्यात असूनही ती कित्येक वर्षं जवळजवळ कागदावरच राहिली. नळीच्या तोंडाशी निकष तपासणं सोपं होतं, म्हणून आधी तेच झालं. नागरिक न्यायालयात गेले तेव्हा कुठे या तरतुदीला वेग आला.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली चेसापीक खाडी. तिचं पाणलोट क्षेत्र सुमारे १ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर, त्यात सहा राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन. खाडीची सरासरी खोली मात्र जेमतेम साडेसहा मीटर. एवढ्या अफाट छपराचं पाणी एवढ्या उथळ परातीत येतं. डिसेंबर २०१० मध्ये खाडीसाठी वार्षिक मर्यादा ठरली: नत्र (नायट्रोजन) सुमारे ८ कोटी ४३ लाख किलो, स्फुरद (फॉस्फरस) सुमारे ५७ लाख किलो, शिवाय गाळाची वेगळी. ही मर्यादा राज्यांत, राज्यांमधल्या नद्यांत आणि नद्यांवरच्या वेगवेगळ्या क्षेत्रांत वाटून दिली गेली. शेतकरी आणि बांधकाम व्यावसायिकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने योजना कायम ठेवली आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालायला नकार दिला.

वाटप समान करायचं, की जुन्याला सवलत, की जिथे स्वस्तात कमी होईल तिथे जास्त कपात? हा प्रश्न विज्ञान सोडवू शकत नाही. लिफ्टची क्षमता इंजिनियर सांगेल, कुणी उतरायचं ते आतल्यांनी ठरवायचं असतं. ते बंद दाराआड ठरू नये, एवढा आग्रह धरायलाच हवा.

ज्या घाणीला नळी नाही

आतापर्यंत नळ्यांबद्दल बोललो, कारण त्या दिसतात. नळीला नंबर देता येतो, मीटर बसवता येतो, दंड करता येतो. पण शेतावरून, रस्त्यांवरून, गावठाणातून पावसाबरोबर वाहून येणाऱ्या घाणीला तोंडच नसतं. ती कुठूनही येते.

तीन काचेचे ग्लास घ्या. कोरड्या दिवसांनंतरचा पहिला जोरदार पाऊस सुरू झाला की रस्त्याकडेने वाहणारं पाणी पाच मिनिटांनी एका ग्लासात भरा, अर्ध्या तासाने दुसऱ्यात, दोन तासांनी तिसऱ्यात. पहिला ग्लास काळा-करडा असेल, वर तेलाचा इंद्रधनुषी तवंग, तळाशी टायरचा आणि धुळीचा गाळ. दुसरा चहासारखा. तिसरा बराचसा निवळ. आठवड्यांची साचलेली घाण पहिल्या काही मिनिटांत धुऊन निघते. म्हणूनच शहरात पावसाचं सगळं पाणी साठवायची गरज नसते. पहिलं पाणी थोडा वेळ अडवलं, हिरव्या चरातून किंवा मुरणाऱ्या जमिनीतून जाऊ दिलं, तरी मोठा भार कमी होतो.

शेताची गोष्ट जास्त नाजूक आहे. इथे नत्र आणि स्फुरद हे मुख्य. दोन्ही पिकांचं अन्न आणि पाण्यात गेले की शेवाळाचंही. शेवाळ माजतं, मरतं, कुजतं आणि कुजताना जिवाणू पुन्हा तोच ऑक्सिजन खातात. म्हणजे नदीत सांडपाण्याचा एक थेंबही न जाता मासे गुदमरू शकतात.

स्फुरदाची ताकद बघायची असेल तर कॅनडातलं ‘लेक २२६’ नावाचं छोटं तळं आठवावं. मध्ये चिंचोळं, दोन्हीकडे फुगीर. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिंचोळ्या जागी प्लास्टिकचा पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र घातलं, दुसऱ्यात कार्बन, नत्र आणि स्फुरद. विमानातून काढलेल्या फोटोत एक भाग गडद निळसर आणि दुसरा शेवाळाने हिरवागार. मधे फक्त तो पडदा. साबण-डिटर्जंटमधल्या स्फुरदावर निर्बंध घालायचे की नाही, यावर तेव्हा जोरात वाद चालू होता. त्या एका फोटोने बरंच काम केलं.

गोड्या पाण्यात शेवाळाच्या वाढीला बहुतेक वेळा स्फुरदाच्या तुटवड्याचा लगाम असतो, समुद्राजवळच्या पाण्यात नत्राच्याही. आणि दोघांच्या वाटा वेगळ्या. स्फुरद बऱ्याच अंशी मातीच्या कणाला चिकटून जातो, त्यामुळे माती अडवली की तोही अडतो. ओढ्याकाठी झाडझाडोऱ्याचा पट्टा ठेवणं, पीक निघाल्यावर जमीन उघडी न टाकता आच्छादन पीक घेणं, बांध नीट राखणं याचा तिथे उपयोग होतो. नत्र मात्र नायट्रेटच्या रूपात पाण्यात विरघळून खाली झिरपतं, भूजलात जातं आणि तिथून ओढ्यात. त्याला वरचा बांध अडवू शकत नाही. त्यासाठी मुळात खत बेताने, पिकाला लागेल त्या वेळी, मुळाजवळ द्यावं लागतं. ओलसर काठांवर आणि पाणथळ जागांत काही जिवाणू नायट्रेटचं रूपांतर वायूत करून हवेत सोडतात; पाणथळ जागा बुजवणं महागात पडतं ते म्हणून.

इथे एक धडा ईरी सरोवराचा आहे. अमेरिका आणि कॅनडाने १९७२ मध्ये करार केला, सांडपाण्यातला आणि डिटर्जंटमधला स्फुरद खूप घटवला आणि १९८० च्या दशकात सरोवर सावरलं. पुढे शेवाळ परत आलं. या वेळी शेतांतून येणारा स्फुरद, आणि त्यातही मातीला न चिकटलेला, विरघळलेला. जमिनीखाली निचऱ्यासाठी घातलेले पाइप असतील तर तो काठच्या झाडांच्या पट्ट्याखालून सरळ निघून जातो. ऑगस्ट २०१४ मध्ये सरोवराकाठच्या टोलेडो शहराच्या पाण्यात शेवाळाचं विष आलं आणि सुमारे ५ लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. उकळूनही उपयोग नव्हता. उकळल्याने जंतू मरतात, हे विष तसंच राहतं आणि पाणी आटल्याने उलट दाट होतं. एका नळीवर विजय मिळवला म्हणून नदी जिंकली असं होत नाही, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसतं.

‘पावसाळ्यात नदी आपोआप धुऊन निघतेच की’

नदी धुऊन निघते, घाण नाहीशी होत नाही. ती पुढे जाते. मिसिसिपी नदीच्या पाणलोटात अमेरिकेतली ३१ राज्यं येतात. तिथल्या शेतांवरचं नत्र आणि स्फुरद वसंतातल्या पुराबरोबर मेक्सिकोच्या आखातात जातं आणि दर उन्हाळ्यात तिथे तळाशी ऑक्सिजन फारच कमी असलेला पट्टा तयार होतो. २०१७ मध्ये तो २२ हजार चौरस किलोमीटरहून मोठा होता. हा पट्टा ५ हजारांच्या आत आणायचं उद्दिष्ट आहे. कोळ्यांची जाळी आखातात रिकामी आणि कारण हजार-दीड हजार किलोमीटर आत.

‘सगळा भार शेतकऱ्यावरच का?’

हा आक्षेप मला मनापासून पटतो. शेतकऱ्याला खताचे पैसे स्वतः मोजावे लागतात, त्यामुळे वाहून गेलेलं खत हा आधी त्याचा तोटा असतो. पण पीक कमी येण्याचा धोका एकट्याने पत्करायला कुणी तयार होणार नाही. जिथे हा धोका वाटून घेतला, तिथे काम झालं.

न्यूयॉर्क शहराचं बहुतेक पाणी दूरच्या डोंगराळ पाणलोटातून येतं. ते गाळण्यासाठी कित्येक अब्ज डॉलरचा प्रकल्प बांधायची वेळ आली होती. त्याऐवजी १९९७ मध्ये शहराने वरच्या गावांशी करार केला. शेतांवरच्या सुधारणा, शेणखताची साठवण, सेप्टिक टँकची दुरुस्ती यांचा खर्च शहराने उचलायचा आणि जमीन घ्यायची ती विकायला राजी असलेल्यांकडूनच. खालच्यांनी वरच्यांना पैसे दिले, कारण खालच्यांचं पाणी वरच्यांच्या हातात होतं. शहरी माणसाने ‘शेतकरी प्रदूषण करतात’ म्हणण्याआधी हा करार समजून घ्यावा.

असंच एक उदाहरण अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातल्या टुआलाटिन नदीचं. तिथल्या प्रक्रिया केंद्रांतून निघणारं पाणी स्वच्छ होतं पण कोमट, आणि कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. पाणी थंड करायची महागडी यंत्रं बसवण्याऐवजी २००४ च्या परवान्यात वेगळा मार्ग मान्य झाला: वरच्या ओढ्यांच्या काठी झाडं लावून सावली करायची आणि धरणातून थंड पाणी सोडायचं. कमाल भार नदीचा ठरला की तो कमी कुठे करायचा याला असा वाव मिळतो. अर्थात कागदावर झाडं लावून नळी मोकाट सोडायचीही सोय यातून होऊ शकते, म्हणून मोजणी कडक लागते.

‘आम्ही एकट्यांनी करून काय होणार? वरचे लोक सोडतच राहणार’

खरं आहे, एकट्याने होत नाही. ऱ्हाईन नदीने हे शिकवलं. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहराजवळ सँडोझ कंपनीच्या रसायनांच्या गोदामाला आग लागली. आग विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन नदीत उतरलं, पाणी लाल झालं आणि शेकडो किलोमीटर खालपर्यंत ईल मासे मेले. काठच्या देशांचा संयुक्त आयोग १९५० पासून होता, पण कामाला वेग आला तो या आघातानंतर. १९८७ मध्ये कृती कार्यक्रम ठरला. त्याचं उद्दिष्ट त्यांनी नुसतं आकड्यात न सांगता एका माशाच्या नावानेही सांगितलं: २००० सालापर्यंत सॅल्मन ऱ्हाईनमध्ये परत आला पाहिजे. बीओडी कुणाला कळते, कुणाला नाही. मासा आला की नाही हे सगळ्यांना कळतं. सॅल्मन खरोखरच परत येऊ लागला.

मग फरक कधी दिसणार?

नळ्यांवर काम केलं तर लवकर, कधी काही महिन्यांत. जमिनीवर काम केलं तर उशिरा. चेसापीकच्या योजनेत सगळी कामं २०२५ पर्यंत पूर्ण व्हायची होती. सांडपाण्याच्या क्षेत्राने आपलं उद्दिष्ट मुदतीच्या कितीतरी आधी गाठलं. शेतांवरच्या नत्राचं उद्दिष्ट मात्र हुकलं. योजना फसली असा निष्कर्ष काढायची घाई होते, पण भूजलाची चाल लक्षात घ्यायला हवी. शेतातून झिरपलेलं नायट्रेट जमिनीखालून ओढ्यापर्यंत पोचायला काही ठिकाणी काही वर्षं, काही ठिकाणी काही दशकं घेतं. शेतकऱ्याने आज खत बेताचं केलं तरी ओढ्यात त्याच्या वडिलांच्या काळचं खत येत राहतं. अशा वेळी फक्त ओढ्याचं पाणी मोजून त्याला नापास ठरवणं अन्यायाचं आहे. शेतावर काय केलं तेही नोंदवावं लागतं आणि पाणीही वर्षानुवर्षं, त्याच जागी मोजत राहावं लागतं.

आणि मोजायचं कधी, हेही. सुरुवातीच्या बातमीतले मासे सकाळी मेलेले दिसले होते, ते उगाच नव्हे. शेवाळाने भरलेल्या पाण्यात दिवसा ऑक्सिजनची चंगळ असते, कारण उन्हात शेवाळ तो तयार करतं. रात्री तयार होणं थांबतं, श्वास घेणं मात्र सगळ्यांचं चालूच राहतं. ऑक्सिजन उतरत उतरत सूर्योदयाच्या थोडं आधी तळ गाठतो. मासे तेव्हा मरतात. नमुना घेणारी गाडी जर सकाळी अकराला पोचत असेल, तर तोवर ऊन वर आलेलं असतं, शेवाळाने पुन्हा काम सुरू केलेलं असतं, आणि बाटलीत भरलेलं पाणी निकषांत असतं. पहाटे साडेपाचला, मीटर हातात धरून, काठावर कुणीतरी उभं असायला हवं.